गैरसमजाचे दुःख आणि ख्रिस्ती धीर : मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दुःखांमध्ये आपल्याच माणसांनी आपल्याला न समजून घेणे हे दुःख वेगळ्या जातीचे आहे. आजारपण, दारिद्र्य, मृत्यू अशा प्रसंगी आप्तेष्ट जवळ येतात. गैरसमजाच्या प्रसंगी मात्र तेच दूर जातात आणि त्यांचे दूर जाणे हेच दुःखाचे कारण असते. साहजिकच धर्मोपदेशपर साहित्याने या दुःखाची दखल घेतलेली दिसते. ख्रिस्ती प्रवचनांत आणि भक्तिपर पुस्तिकांत त्यासाठी जो धीर दिला जातो त्याचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. ख्रिस्तालाही स्वजनांनी ओळखले नाही, देव अंतःकरण जाणतो, म्हणून श्रद्धावंताने मुकाट्याने सोसावे आणि न्याय देवावर सोपवावा, असा त्याचा आशय असतो.

हा धीर खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. त्यात सोसणाऱ्याची बाजू आहे, गैरसमज करून घेणाऱ्याची नाही. शिवाय आपल्यावरील प्रत्येक टीका हा गैरसमजच आहे, असे मानण्याची सोयही त्यात दडलेली आहे. हा धीर प्रत्यक्ष आयुष्यात कितपत टिकतो आणि कोणत्या रूपात टिकतो, हे पाहण्यासाठी मराठी ख्रिस्ती लेखकांच्या आत्मपर लेखनाइतके योग्य साधन क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात बाबा पदमनजी (१८३१–१९०६), पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या लेखनाचा या दृष्टीने विचार केला आहे. या तिघांच्या लेखनात गैरसमजाला सामोरे जाण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती दिसतात. त्यांपैकी तिसरी, म्हणजे लक्ष्मीबाईंची रीत, ख्रिस्ती धीराच्या मूळ आशयाला सर्वांत जवळची आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. शास्त्रातील आधार

'मुकाट्याने सोसा' हा उपदेश पेत्राच्या पहिल्या पत्रातील ख्रिस्ताच्या वर्णनावर आधारलेला आहे. निंदा झाली असता ख्रिस्ताने उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्यावर स्वतःला सोपवले, असा तेथील भाव आहे (१ पेत्र २:२३). मार्कच्या शुभवर्तमानात तर येशूला वेड लागले आहे असे वाटून त्याचे आप्तच त्याला धरून नेण्यास निघतात (मार्क ३:२१). घरच्यांच्या गैरसमजाचा इतका उघड उल्लेख धर्मग्रंथाने टाळलेला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तथापि, मौन हाच एक मार्ग शास्त्राने सांगितला आहे असे म्हणता येत नाही. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका कामदाराने चपराक मारली, तेव्हा येशूने त्याला त्याचे कारण विचारले आहे (योहान १८:२३). मंदिरात ओठ हलवून मूक प्रार्थना करणाऱ्या हन्नेला एली याजक मद्यपी समजला. हन्ना गप्प राहिली नाही. आपण दुःखी आहोत, प्यालेलो नाही, असे तिने नम्रपणे सांगितले आणि एलीनेही ते ऐकून तिला आशीर्वाद दिला (१ शमुवेल, अध्याय १). म्हणजे मौन, प्रश्न आणि खुलासा या तिन्हींना शास्त्रात स्थान आहे.

आणखी दोन संदर्भ या विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत. करिंथकरांना लिहिताना पौल माणसांनी केलेला आपला न्यायनिवाडा क्षुल्लक मानतो. परंतु तो तेवढ्यावर थांबत नाही. आपण स्वतःही स्वतःचा न्याय करीत नाही, आपल्याला आपला दोष दिसत नाही म्हणून आपण निर्दोष ठरत नाही, असेही तो म्हणतो (१ करिंथ ४:३–४). 'देव जाणतो' हे वाक्य म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, हे यातून स्पष्ट होते. दुसरा संदर्भ ईयोबाचा आहे. मित्रांनी त्याच्या दुःखाचा चुकीचा अर्थ लावला आणि अखेरीस देवाने त्या मित्रांनाच दोष दिला. मात्र ईयोबाचे दिवस पालटले ते त्याने त्या मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा (ईयोब ४२:१०). गैरसमज झालेल्या माणसाची सुटका गैरसमज करणाऱ्याशी अशी जोडली गेली आहे. रूढ सांत्वनपर साहित्यातून नेमका हाच धागा सुटून जातो.

२. दुहेरी गैरसमज

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला येणारा गैरसमज दुहेरी होता. त्याची पहिली बाजू भाषेतच रुजलेली होती. धर्मांतरासाठी लोकांच्या तोंडी असलेला शब्द 'बाटणे' हा होता. या क्रियापदात विचार करून निर्णय घेणारा माणूस नाही. विटाळलेली वस्तू तेवढी आहे. भांडे बाटते तसा माणूस बाटतो. मग त्याने ग्रंथ वाचले, वर्षानुवर्षे वाद केले, रात्री जागून काढल्या, या कशालाच त्या शब्दात जागा उरत नाही. नोकरी, पैसा किंवा साहेबाची मर्जी हेच धर्मांतराचे कारण असणार, हे समाजाने आधीच ठरवून टाकलेले असे.

दुसरी बाजू मिशनच्या आवारातील होती. तेथे हाच माणूस कार्याच्या यशाचा दाखला ठरत असे. त्याने विशिष्ट पंथाची शिकवण, शिस्त आणि पुष्कळदा राहणीही स्वीकारावी, अशी अपेक्षा असे. त्याने आपल्या पूर्वपरंपरेचा काही अंश जपला, की त्याच्या श्रद्धेविषयी शंका निघे. रेव्ह. नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंगाचा आश्रय केला आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही खुला असलेला 'देवाचा दरबार' स्थापन केला. हिंदू समाजाच्या दृष्टीने ते धर्म सोडून गेलेले होते, तर मिशनच्या काही मंडळींच्या दृष्टीने ते पुरेसे इकडे आलेले नव्हते. अशा माणसाला धीर कोठून मिळावा, हा केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

३. बाबा पदमनजी : खुलाशाचा मार्ग

बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीमुळे वाङ्मयेतिहासात त्यांचे स्थान निश्चित झाले आहे. १८८०च्या दशकात प्रसिद्ध झालेले त्यांचे 'अरुणोदय' हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक होय. ग्रंथाचे शीर्षकच त्याची रचना सूचित करते. बालपणीच्या देवधर्मापासून इंग्रजी शिक्षण, परमहंस सभेचा संपर्क, शंका, वाद आणि अखेर ख्रिस्ती श्रद्धा असा अंधारातून उजेडाकडे जाणारा हा प्रवास आहे.

गैरसमजाला पदमनजींनी दिलेले उत्तर म्हणजे खुलासा. आपले धर्मांतर अविचाराने किंवा लोभाने झालेले नाही, प्रत्येक पायरीमागे कारण आहे, हे ते वाचकापुढे क्रमवार मांडतात. 'बाटला' या शब्दाने हिरावून घेतलेले कर्तेपण या मांडणीमुळे त्यांना परत मिळते. हे या ग्रंथाचे ऐतिहासिक मोल आहे आणि ते थोडे नाही. घरातील धार्मिक वातावरणाचे त्यांनी बारकाईने केलेले चित्रण आजही अभ्यासकाला उपयुक्त ठरते.

मात्र खुलाशाला एक अंगभूत मर्यादा असते. खुलासा करणारा नेहमी प्रतिपक्षाच्या न्यायासनापुढे उभा असतो. आपल्या म्हणण्याला बळकटी यावी म्हणून त्याला मागे सोडलेले जग अधिकाधिक काळोखे दाखवावे लागते. 'अरुणोदया'त पूर्वायुष्यातील माणसे अनेकदा युक्तिवादातील उदाहरणे होऊन येतात. लेखक समजला जावा यासाठी ग्रंथाची सारी शक्ती खर्च होते; परंतु ज्यांनी त्याला समजून घेतले नाही त्यांच्या मनात काय चालले असेल, याचा विचार करण्यास तेथे फारशी सवड राहत नाही. हन्नेचा खुलासा एका वाक्यात आटोपला होता, कारण एलीची ऐकण्याची तयारी होती. जेथे ऐकणाराच नाही तेथे खुलासा लांबत जातो.

४. पंडिता रमाबाई : ठामपणा आणि कार्य

रमाबाईंच्या वाट्याला दुहेरी गैरसमजाची सर्वांत तीव्र झळ आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. काल ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले गेले, त्यांचाच आज धिक्कार होऊ लागला. या गदारोळात महात्मा जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून (१८८५) रमाबाईंची बाजू घेतली, हा अपवाद नोंदवावयास हवा.

याच काळात वाँटेजच्या भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. वादाचे विषय लहानमोठे दोन्ही होते. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व आणि चर्चचा अधिकार हे मोठे विषय. तर शाकाहाराचा आग्रह आणि क्रुसावरील अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, हे वरवर लहान वाटणारे विषय. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनीही त्याला हरकत घेतली. रमाबाईंच्या प्रश्न विचारण्याला जेराल्डीनबाई गर्व समजत होत्या. रमाबाईंचे उत्तर मात्र स्पष्ट होते. पुरोहितवर्गाचे एक जोखड महत्प्रयासाने उतरवल्यावर दुसरे तसलेच जोखड मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. सदसद्विवेकबुद्धी देवाने दिली आहे आणि तिच्याशी इमान राखणे हीच देवाची आज्ञा पाळणे होय, ही त्यांची भूमिका या पत्रांतून सतत प्रकट होते.

येथे ख्रिस्ती धीराचे एक निराळे रूप दिसते. 'देव जाणतो' या भावनेने रमाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या भावनेमुळेच त्यांना वयाने, अधिकाराने आणि उपकारानेही मोठ्या असलेल्या व्यक्तींपुढे 'नाही' म्हणण्याचे बळ मिळाले. पौलाला माणसांचा न्याय क्षुल्लक वाटला, त्याचा हा व्यवहारातील अर्थ होय.

दुसरा प्रसंग शारदा सदनाचा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास हलवलेले हे सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही विधवा मुली तेथे येऊन बसू लागल्या. यावरून वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

हा प्रसंग निव्वळ गैरसमजाचा होता काय? रमाबाईंच्या गौरवपर चरित्रांत तो तसाच मांडला जातो. परंतु रानडे-भांडारकरांसारखी माणसे रमाबाईंच्या हेतूंविषयी अनभिज्ञ होती, असे म्हणणे अवघड आहे. उघड्या दाराचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगळा लावला जात होता. रमाबाईंच्या दृष्टीने दार बंद करणे म्हणजे श्रद्धा लपवणे होते, तर समितीच्या दृष्टीने आश्रित, अल्पवयीन मुलींच्या बाबतीत दार उघडे ठेवणे म्हणजे दिलेल्या शब्दाला बाध आणणे होते. येथे गैरसमजाबरोबर खरा मतभेदही होता. मतभेदाला गैरसमज म्हटले की प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारी संपते. म्हणूनच हा विवेक समीक्षकाने आणि श्रद्धावंतानेही सांभाळणे आवश्यक आहे.

रमाबाईंचे थोरपण असे, की त्या या वादात अडकून राहिल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, केडगावला 'मुक्ती'चे कार्य उभे राहिले आणि उत्तरायुष्यातील मोठा काळ त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साक्षीत विरोधकांच्या आरोपांच्या खंडनाला फार थोडी जागा आहे. आईवडिलांची तीर्थयात्रा, दुष्काळातील मृत्यू आणि स्वतःच्या श्रद्धेतील उणिवा यांनाच त्यात महत्त्व आहे. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या सांगतात. इतरांनी आपल्याला ओळखले नाही या तक्रारीपेक्षा आपणच आपल्याला पुरते ओळखले नव्हते, ही कबुली अधिक मोलाची आहे.

५. लक्ष्मीबाई टिळक : दोन्ही तीरांवरचा अनुभव

'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) हा ग्रंथ पतिपत्नींच्या नात्याची प्रसन्न आणि परखड कथा म्हणून मराठी वाचकाला परिचित आहे. मात्र गैरसमजाचे दुःख आणि त्यातून निघण्याचा मार्ग या दृष्टीने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दुरावलेली होती. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. याचा अर्थ असा, की पदमनजी आणि रमाबाई यांना जी बाजू बाहेरून दिसली, त्या बाजूला लक्ष्मीबाई स्वतः काही वर्षे उभ्या होत्या. टिळकांना न समजलेल्यांत त्यांची पत्नीच पहिली होती. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तेव्हा न समजली जाणारी व्यक्ती होण्याची पाळी त्यांच्यावर आली.

या दुहेरी अनुभवामुळे ग्रंथाचा स्वर घडला आहे. नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी कळल्यानंतरचा आकांत त्या लपवत नाहीत आणि पुढच्या श्रद्धेच्या प्रकाशात त्याला अज्ञान म्हणून हिणवतही नाहीत. ते दुःख त्या वेळी खरे होते, म्हणून ते खऱ्यासारखेच लिहिले जाते. त्यांना सांभाळणारे, टिळकांवर रागावलेले नातेवाईक ग्रंथात खलपुरुष म्हणून येत नाहीत. त्यांच्या रागात माया होती, हे लेखिकेला ठाऊक आहे, कारण ती माया तिनेच अनुभवली आहे. सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाने घर हैराण करणाऱ्या वडिलांचे चित्रही हास्याने उजळलेले आहे. त्यात द्वेषाचा लवलेश नाही.

टिळकांचे चित्रणही याच न्यायाने झाले आहे. संतापी, लहरी, हातचे देऊन टाकणारा, घरातून अचानक निघून जाणारा हा कवी पत्नीच्या लेखणीतून संत म्हणून सुटत नाही. त्यांच्या धर्मांतराने पत्नीवर जो प्रसंग ओढवला, त्याचे माप ग्रंथात पुरेपूर पडले आहे. येथे गैरसमज झालेला मनुष्यही निर्दोष नाही. पौलाने स्वतःविषयी जे म्हटले, ते लक्ष्मीबाई धर्मशास्त्राचा एकही शब्द न वापरता दाखवून देतात.

लक्ष्मीबाईंचे स्वतःचे परिवर्तनही वादातून झालेले नाही. पतीकडे परत आल्यावरही काही काळ त्यांनी आपला आचार सांभाळला. जातिभेद हा देवाने केलेला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि शिवाशीव आधी सुटली. बाप्तिस्मा नंतर आला. या काळात पतीने त्यांना वेळ दिला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. गैरसमज दूर होण्यासाठी खुलाशापेक्षा सहवास आणि अवधी अधिक उपयोगी पडतात, असे 'स्मृतिचित्रे' वाचून ध्यानात येते. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या श्रद्धेमुळे संसार एकदा मोडला होता, त्याच श्रद्धेचे काव्य तिला सर्वांत उशिरा समजून घेणाऱ्या व्यक्तीच्या हातून पुरे व्हावे, यात या साऱ्या कथेचे सार आले आहे.

६. धीराचे स्वरूप

या तीन लेखकांच्या आधारे ख्रिस्ती धीराचे स्वरूप अधिक नेमकेपणाने सांगता येते. देव आपल्याला पूर्णपणे जाणतो, या विश्वासाचे तीन परिणाम संभवतात. पहिला असा, की मनुष्य माणसांच्या न्यायासनापुढून मोकळा होतो; सर्वांची समजूत पटवण्याचा अट्टहास त्याला सोडता येतो. दुसरा असा, की त्याला आवश्यक तेथे ठाम राहता येते. रमाबाईंच्या पत्रांतून हे दिसते. तिसरा परिणाम सर्वांत अवघड आहे. स्वतःच्या समर्थनातून मोकळे झालेले मन समोरच्याकडे वळते आणि त्याने असे का समजावे, याचा विचार करू लागते. ईयोबाने मित्रांसाठी केलेल्या प्रार्थनेचा अर्थ हाच आहे.

पहिल्या पायरीवरच थांबणारा धीर माणसाला एकाकी आणि कधीकधी अहंकारी बनवतो. 'मला कोणी समजू शकत नाही' हे वाक्य दुःखातून निघते. परंतु ते फार काळ जवळ बाळगले तर त्याचा अभिमान होतो. भक्तिपर पुस्तिकांतील सांत्वनाचा दोष हा, की ते वाचकाला या पहिल्या पायरीवर आणून सोडते.

समारोप

बाबा पदमनजींनी खुलाशाने स्वतःचे कर्तेपण परत मिळवले. पंडिता रमाबाईंनी ठामपणाने स्वतःची सदसद्विवेकबुद्धी राखली आणि कार्याने वादाला मागे टाकले. लक्ष्मीबाईंनी ज्यांनी समजून घेतले नाही त्यांनाच समजून घेतले. मराठी वाङ्मयसमीक्षेने 'स्मृतिचित्रे'च्या शैलीचा, साधेपणाचा आणि विनोदाचा पुष्कळ गौरव केला आहे. तो विनोद केवळ स्वभावाचा भाग नाही, तर क्षमेचे वाङ्मयीन रूप आहे, हे या विवेचनातून लक्षात यावे. ज्याला स्वतःची बाजू मांडावयाची असते त्याला हसणे परवडत नाही. लक्ष्मीबाई हसू शकल्या, कारण त्यांना खटला जिंकावयाचा नव्हता.

धर्मांतराच्या प्रश्नावर आजही महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेर तीव्र भावना व्यक्त होतात आणि हेतूंविषयीचे निष्कर्ष माणसाला ऐकण्यापूर्वीच काढले जातात. अशा वेळी या लेखनाचे अध्यापन केवळ 'ख्रिस्ती साहित्य' या कप्प्यात न ठेवता, परस्परांना समजून घेण्याच्या अवघड प्रक्रियेचे दस्तऐवज म्हणून व्हावे. ज्याच्याविषयी गैरसमज झाला तो आणि ज्याने तो करून घेतला तो, हे दोघेही वर्गात बसलेले असतात. पुष्कळदा एकाच विद्यार्थ्यात.